काच बदलल्यावर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन (कोन पुन्हा अचूक जुळवणे) न केल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

नागपूर, दि. 14 जून 2024

विषय: इलेक्ट्रिक गाडीचा समोरचा कॅमेरा, लेन असिस्ट आणि ऑटो ब्रेकमधील बिघाड, तीन वेळा गाडी देऊनही दुरुस्ती न झाल्याबाबत.

महोदय,

तुमच्या कंपनीची इलेक्ट्रिक गाडी मी मागच्या दिवाळीत घेतली. बॅटरी, चार्जिंग, रेंज याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. तक्रार आहे ती समोरच्या कॅमेऱ्याची (गाडी पट्ट्यांच्या मध्ये ठेवणारे लेन असिस्ट आणि पुढे अडथळा दिसताच आपोआप ब्रेक लावणारा ऑटो ब्रेक त्याच्यावर अवलंबून आहेत), आणि त्याहून जास्त, तुमच्या वर्कशॉपने मूळ कारण न शोधता तीनदा गाडी परत केली त्याची.

18 मार्चला बुटीबोरीजवळ ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या गिट्टीने समोरची काच तडकली. 22 मार्चला तुमच्याच अधिकृत वर्कशॉपमध्ये विम्यातून ती बदलून घेतली. तोवर सगळे व्यवस्थित होते. त्याच आठवड्यापासून गाडी दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये असतानाही स्टिअरिंग डावीकडे ओढू लागले आणि समोरचा कॅमेरा बंद असल्याचा पिवळा इशारा येऊ लागला.

2 मे रोजी दुपारी अडीचच्या सुमारास आम्ही वर्धा रोडच्या डबल डेकर उड्डाणपुलावरून विमानतळाकडे चाललो होतो. पुढे रस्ता मोकळा होता, ट्रक होता तो शेजारच्या लेनमध्ये. गाडीने आपणहून करकचून ब्रेक मारला. मागच्या सीटवर माझी आई होती. पट्टा लावलेला होता म्हणून निभावले, तरी खांदा आठ दिवस दुखत होता. मागचा टेम्पो हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर खाली उतरून तावातावाने बोलला. त्याचे काय चुकले? पुढची गाडी विनाकारण थांबली, एवढेच त्याने पाहिले होते.

वर्कशॉपने पहिल्यांदा काचेवरच्या धुळीला दोष दिला, दुसऱ्यांदा नागपूरच्या उन्हाला आणि तिसऱ्यांदा सॉफ्टवेअर अपडेट करून दिले. तिन्ही जॉबकार्डांवर शेरा एकच: 'फॉल्ट क्लिअर केला, टेस्ट ड्राइव्ह ओके.' गाडीच्या संगणकातला बिघाडाचा कोड पुसला म्हणजे बिघाड गेला असे होत नाही. दर वेळी दोन-तीन दिवसांत इशारा परत आला.

आता मी काय पाहिले ते सांगतो. एप्रिलपासून प्रत्येक इशाऱ्याची वेळ आणि गाडीने दाखवलेले बाहेरचे तापमान वहीत लिहून ठेवतो आहे. चौदा नोंदींपैकी पाच सकाळी सातच्या आतल्या आहेत, तापमान 30 अंशांच्या आसपास. म्हणजे सगळे उन्हावर ढकलता येणार नाही. काच आतून-बाहेरून पुसून पाहिली. 12 व्होल्टची बॅटरी तुमच्याच माणसाने तपासली, ती चांगली निघाली. पुढच्या वाहनाचे अंतर मोजणाऱ्या, बंपरमधल्या रडारचा एकही कोड नाही. मग बाहेर उभे राहून आरशामागचे कॅमेऱ्याचे कव्हर निरखून पाहिले. उजवी कड काचेला चिकटलेली आहे, डावीकडे एटीएम कार्ड सरकेल एवढी फट आहे. फोटो सोबत जोडला आहे.

कॅमेरा काचेवरच्या ब्रॅकेटवर बसतो, त्यामुळे नव्या काचेबरोबर त्याचा कोन बदलू शकतो. एक अंशाचा फरक पडला तरी 50 मीटरवर ती चूक जवळपास 87 सेंटीमीटरची होते. शेजारच्या लेनमधला ट्रक माझ्या लेनमध्ये दिसायला तेवढे पुरेसे असावे. म्हणूनच काच बदलल्यावर कॅलिब्रेशन करावे लागते: सपाट जागी, मोजून ठेवलेल्या टार्गेट बोर्डासमोर, किंवा स्कॅनर लावून नीट पट्टे आखलेल्या रस्त्यावर गाडी चालवून. 22 मार्चच्या बिलात काच आहे, सीलंट आहे, मजुरी आहे. कॅलिब्रेशनचा उल्लेख नाही. विचारले तर सुपरवायझर म्हणाले, "बोर्ड इथे नाही, पुण्याहून मागवावा लागतो." मग हे त्याच दिवशी का सांगितले नाही?

30 मे रोजी रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश दाखवले, तेव्हा हवामान खात्याने आकडा तपासला आणि सेन्सर बिघडल्याचे जाहीर केले. माझीही अपेक्षा तेवढीच आहे. आधी तपासा, मग कारण सांगा.

डाव्या आरशातला कॅमेराही आरसा मिटून उघडला की काळा पडतो आणि आरसा हाताने जरा हलवला की पुन्हा दिसू लागतो. बिजागरीतली वायर पाहावी.

ब्रॅकेट तपासून कॅलिब्रेशन विनामूल्य करावे आणि आधीचा व नंतरचा स्कॅन रिपोर्ट सहीशिक्क्यानिशी द्यावा. मी सध्या ऑटो ब्रेक बंद करून गाडी चालवतो, पण गाडी नव्याने सुरू केली की तो आपोआप चालू होतो. एखाद्या दिवशी बंद करायचे राहून गेले तर काय, ही धास्ती घेऊनच रोज निघतो. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

सोमवार, 24 जूनला सकाळी गाडी आणून देऊ शकतो. टार्गेट बोर्ड नागपुरात पोहोचला असेल तरच बोलवावे.

आपला,
वाहनमालक, नागपूर

सोबत: तिन्ही जॉबकार्डे, काचेचे बिल, नोंदवहीच्या प्रती, कव्हरचा फोटो