वशिंड खांद्यावर, पाठीवर नव्हे

मा. संपादक,

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्टेप बायसन, म्हणजेच बायसन प्रिस्कस या नामशेष जातीवर आलेला लेख एरवी चांगला असला, तरी त्यासोबत छापलेले चित्र त्या प्राण्याचे नाही. चित्रकाराने गोव्यातील मोले-खोतीगावच्या रानातला आपला गवाच समोर ठेवून त्याला दाढी आणि लांब केस जोडलेले दिसतात. गव्याच्या पाठीवरचा उंचवटा खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत जातो आणि तिथे पायरीसारखा एकदम उतरतो. बायसनचे वशिंड मात्र खांद्यांवरच सर्वांत उंच असून कमरेकडे उतरत जाते. दोहोंना आधार मणक्यांवरच्या लांब अस्थिकंटकांचाच, म्हणजे वर निघालेल्या हाडांच्या काट्यांचाच, असतो. बैलाचे वशिंड मऊ असल्याने सांगाड्यात उरत नाही, तसे यांचे नाही. बायसनच्या या कंटकांना मानेचे जाड बंध व स्नायू जोडलेले असतात आणि त्यांच्या बळावरच ते अवजड डोके पेलले जाते. आजचा अमेरिकन बायसन तर त्याच डोक्याने बर्फ सारून खालचे गवत खातो. स्पेनमधील अल्तामिरा गुहेत बायसन रंगवणाऱ्यांनीही खांद्यावरची ही उंची अचूक टिपली आहे.

शिंगांच्या लांबीवरून बायसनच्या नामशेष जाती ओळखता येतात, हे लेखातले विधान मला अधिक खटकले. उत्तर अमेरिकेतील बायसन लॅटिफ्रॉन्सच्या शिंगांचा विस्तार २ मीटरहून अधिक असे, तिथे ते चालून जाईल. इतरत्र अडचण अशी की, जीवाश्मांत बहुधा शिंगाचा हाडाचा गाभाच मिळतो. त्यावरचे केराटिनचे, म्हणजे नखांसारख्या पदार्थाचे आवरण, ज्याने शिंगाची लांबी बरीच वाढते, कुजून गेलेले असते. शिवाय नर आणि मादी, तरुण आणि म्हातारा जनावर यांची शिंगे सारखी नसतात. एकेका गाभ्यावरून जाहीर केलेल्या कित्येक जाती पुढे एकमेकींत विलीन कराव्या लागल्या, त्या याच कारणाने. म्हणूनच १९७९ साली अलास्कातील फेअरबँक्सजवळ गोठलेल्या मातीत त्वचेसह सापडलेल्या स्टेप बायसनच्या शवाला इतके मोल आहे.

जनुकीय पुराव्याने गुंता वाढवला आहे. मातेकडून येणाऱ्या मायटोकाँड्रियल डीएनएनुसार अमेरिकन बायसन याकच्या जवळचा, तर युरोपीय बायसन गाईगुरांच्या जवळचा दिसतो. पेशीकेंद्रातील डीएनए मात्र हे दोन्ही बायसन परस्परांचे निकटचे आप्त असल्याचे सांगतो. त्यामुळे बायसन ही वेगळी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) न मानता तिचा समावेश बॉस या प्रजातीत, म्हणजे गवा जिथे आहे तिथेच, करावा असे काही अभ्यासक म्हणतात. मला ते पटते. पण त्याने छापलेले चित्र बरोबर ठरत नाही, कारण एका प्रजातीतल्या दोन जातींच्या पाठीही एकसारख्या नसतात.

सुधारित चित्र छापताना शेजारी सांगाड्याची बाह्यरेषाही द्यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक, फोंडा