बंड्या, दोन स्पीकर की पाच?

दादर, मुंबई
२२ जुलै

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज मिळाला. नव्या हॉलचे तीन फोटो आणि खाली एकच ओळ, 'टीव्हीला स्पीकर दोन घेऊ की पाच?' या पायी माझे जेवढे पैसे गेलेत ते बघता दोन शब्दांत उत्तर देणं मला जमणार नाही. म्हणून हे पत्र. वहिनींनाही वाचून दाखव, कारण वायरी कुठून न्यायच्या हे शेवटी त्याच ठरवणार.

आधी माझी फजिती ऐक. लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानात मी ५.१चा सेट ऐकला, म्हणजे समोर तीन आणि मागे दोन असे पाच स्पीकर, वर खर्जासाठी एक सबवूफर. काचेच्या बंद खोलीत दुकानदाराने डोक्यावरून हेलिकॉप्टर फिरवलं आणि मी तिथेच विरघळलो. घरी आणल्यावर लक्षात आलं की आमचा सोफा भिंतीला टेकलेला, मागचे स्पीकर ठेवायला 'मागे' असं काही नाहीच. मग एक कपाटावर चढवला, दुसरा देवघराशेजारी. सिनेमात पाऊस लागला की आई उठून गॅलरीतले कपडे काढायला जायची. दोनदा गेली, तिसऱ्यांदा मलाच पाठवलं. सबवूफरचा हादरा स्लॅबमधून थेट खालच्या काकांच्या झोपेत. महिन्याभरात मागचे दोन, मधला आणि सबवूफर, सगळे माळ्यावर गेले. उरले समोरचे दोन.

आणि खरी कटकट तिथून सुरू झाली. संवादच ऐकू येईनात. आईचं सारखं, 'काय म्हणाला रे तो?' मी आवाज वाढवायचो, की लगेच गाणं किंवा मारामारी लागायची आणि पुन्हा रिमोटसाठी धावाधाव. मला वाटलं स्पीकर बिघडले. स्पीकर ठणठणीत होते. मी स्पीकर दोनच ठेवले होते, पण सिनेमाच्या ऑडिओच्या यादीत निवड मात्र ५.१चीच राहिली होती, आणि स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या अँप्लिफायरला, म्हणजे अँपलाही कुणी सांगितलं नव्हतं की मधला आता माळ्यावर आहे. ते सांगितलं, तरी फार फरक पडला नाही.

त्याचं असं आहे. ५.१ मध्ये बोलणं बहुतेक सगळं मधल्या स्पीकरला दिलेलं असतं. तो नसला की अँपचा डबा तो आवाज साधारण ३ डेसिबलने उतरवून डाव्या-उजव्यात वाटतो. मागचे दोन्ही आवाजही त्याच दोघांत ओततो. '.१' म्हणजे खर्जाची वेगळी वाट, ती बहुतेक वेळा सोडूनच देतो. एवढं सगळं दोघांत कोंबताना आवाज फाटू नये म्हणून एकूण पातळीही खाली आणतो. जो पाऊस खोलीभर पांगलेला असायचा, तो आता नायकाच्या तोंडावर पडतो. यादीत जाऊन स्टिरिओ, म्हणजे दोन स्पीकरांसाठीचा आवाज, निवडला आणि आईचं विचारणं निम्म्यावर आलं. स्टिरिओ मिक्स स्टुडिओत वेगळं केलेलं असेल, तर कुणीतरी दोन स्पीकरवर ऐकूनच संवाद वर आणलेले असतात. डबा ऐकत नाही, नुसती बेरीज करतो.

स्टिरिओला गरिबाचं समजू नकोस. ॲलन ब्लूमलाइन या ब्रिटिश इंजिनिअरने त्याच्या पेटंटचा अर्ज १९३१ साली केला, आणि सत्तरच्या दशकात डॉल्बी कंपनीने थिएटरसाठी दोन ट्रॅकमध्ये चार वाटा लपवल्या: डावी, मधली, उजवी आणि मागची. डॉल्बीचं ५.१ डिजिटल थिएटरात आलं ते १९९२ला. तेव्हा एखाद्या जुन्या सिनेमाचा दोन ट्रॅकचा आवाज अँपच्या प्रो लॉजिकमधून, म्हणजे त्या लपवलेल्या वाटा पुन्हा वेगळ्या करणाऱ्या सोयीतून सोडलास, तर पडद्याच्या मधोमधून बोलणं आणि मागून वारा असं दोन्ही मिळू शकतं. जुनी मोनो, म्हणजे एकाच वाटेची गाणी मात्र तशीच ऐक. एका पेल्यातलं दूध पाच वाट्यांत ओतलं तर वाट्याच वाढतात.

आता तुझा हॉल. १४ बाय १०, टीव्ही एका टोकाला, सोफा दुसऱ्या टोकाच्या भिंतीला. आधी तो सोफा दोन-अडीच फूट पुढे घे. १४ फुटांच्या खोलीत ४० हर्ट्झच्या आसपासचा खर्ज दोन्ही टोकांच्या भिंतींशी साचतो, आणि तुम्ही नेमके त्या साचलेल्या खर्जात डोकं घालून बसणार. पुढे आलात की समोरच्या दोन स्पीकरमधला कोनही सुधारतो. मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना ३० अंश मिळाले तर उत्तम, पण दहा फुटी भिंतीवर तेवढे मिळायचे नाहीत. सोफ्यामागच्या जागेत इस्त्रीचं टेबल मावतं, हे वहिनींना मुद्दाम सांग.

माझं ऐकशील तर पाच घेऊ नकोस. दोनही नको, तीन घे. एकटाच मधोमध बसून ऐकणार असतास तर दोन चांगले स्पीकर पुरले असते. पण तुम्ही सोफ्यावर चौघं. उजव्या टोकाला बसणाऱ्याच्या कानाला जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोहोचतो, त्यामुळे पडद्याच्या मधोमध उभा असलेला माणूस त्याला उजव्या कोपऱ्यातून बोलतो. मधला स्पीकर असला की कुठेही बसा, बोलणं पडद्यातूनच येतं. शिवाजी मंदिरात शेवटच्या रांगेत बसून आपण नाटकं पाहिली, तेव्हा पाठीमागून कुणी बोललं तर तो शेंगदाणे खाणारा असायचा.

तीन घेतलेस की मात्र यादीत ५.१च निवड. अँपला 'मागचे नाहीत' एवढं सांगितलंस की तो मागचं समोरच्या दोघांत मिसळतो आणि संवादाला हात लावत नाही. पुढे कधी मागचे लावलेस तर कानाच्या किंचित मागे, बाजूला, समोरच्या मधल्या रेषेपासून १०० ते १२० अंशांत. छताच्या कोपऱ्यात टांगू नकोस. आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑप्टिकल वायरीतून जाणारा आवाज 'पीसीएम'वर असेल, तर त्यातून दोनच वाटा जातात, म्हणून पाच स्पीकर लावूनही दोघांचाच माल मिळतो. माझ्या मेहुण्याने वर्षभर तसंच ऐकलं आणि वर्षभर सराउंडचं कौतुक केलं.

सबवूफर सध्या राहू दे. आधी खालच्या मजल्यावर कोण राहतं ते बघ.

पैसे भरायच्या आधी थांब. रविवारी सकाळी मोजपट्टी आणि माळ्यावरचा माझा मधला स्पीकर घेऊन येतो, तुझ्या खोलीत लावून बघू. वजनदार आहे, तेव्हा बोरिवली स्टेशनला उतरवून घ्यायला ये. पूर्वेला की पश्चिमेला, ते कळव.

तुझा,
नंदू