इम्प्लांट किती वर्षं टिकतं? दिलीपला पत्र

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

ताठरतेसाठी लिंगात बसवायच्या इम्प्लांटबद्दल फोनवर तू एकच प्रश्न विचारलास, "किती वर्षं टिकतं?" याचं उत्तर घाईत द्यायचं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. वाचून झालं की वहिनींनाही दे. या निर्णयात त्यांचाही तुझ्याइतकाच वाटा आहे.

आधी आकडे. तीन भागांच्या, पाण्याने फुगणाऱ्या इम्प्लांटवर जगभर झालेल्या अभ्यासांची एकत्रित मोजणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. त्यात शंभरातली साधारण ९३ इम्प्लांट एका वर्षानंतर चालू होती. पाच वर्षांनी ८७, दहा वर्षांनी ७७, पंधरा वर्षांनी ६४ आणि वीस वर्षांनी ५३. तुझं वय आज ५८. म्हणजे सत्तरीपर्यंत एकाच इम्प्लांटवर जाण्याची शक्यता चांगली आहे, आणि ऐंशीपर्यंत एकदा बदलावं लागेल असं धरून चाललेलं बरं.

पण या आकड्यांत एक गोष्ट बघ. पहिल्या एका वर्षात सात गेली आणि पुढच्या चार वर्षांत मिळून सहाच. म्हणजे सुरुवातीला जी जातात त्यांचं कारण वेगळं आणि नंतर जातात त्यांचं वेगळं. सुरुवातीची बहुतेक जंतुसंसर्गाने, नाहीतर माप किंवा जागा चुकल्याने काढावी लागतात. नंतरची झिजून बंद पडतात. तू सगळी चिंता झिजण्याची करतोयस. मला तुझी काळजी वाटते ती पहिल्या कारणाची.

यंत्र समजलं की बाकीचं आपोआप समजेल. लिंगात उजवीकडे-डावीकडे स्पंजासारख्या दोन पोकळ्या असतात, त्या प्रत्येकीत एक लांबट सिलिंडर बसतो. वृषणाच्या पिशवीत छोटा पंप असतो. ओटीपोटात, मूत्राशयाच्या शेजारी किंवा पोटाच्या स्नायूंखाली पाण्याची टाकी असते. एका प्रचलित बनावटीत ती ६५ किंवा १०० मिलिलिटरची येते. या सगळ्याला जोडणाऱ्या बारीक नळ्या, आणि आत निर्जंतुक सलाईन. पंप दाबत गेलं की टाकीतलं पाणी सिलिंडरमध्ये येऊन ताठरता येते, आणि पंपावरचं बटण दाबलं की पाणी परत जातं. अमेरिकी सर्जन ब्रँटली स्कॉट यांनी ह्यूस्टनमध्ये १९७३ साली हे पहिल्यांदा मांडलं. मूळ कल्पना अजून तीच आहे, सुधारणा झाली ती मजबुतीत.

झिजण्याची जागा कुठली? मोबाइलच्या चार्जरची वायर कुठे तुटते आठव. मधे कधी तुटत नाही, प्लगच्या मानेशीच तुटते, कारण वळण तिथेच पडतं. इथेही तसंच. पंपातून नळी निघते तिथे प्रत्येक दाबण्याला ती किंचित मुडपते, आणि वर्षांमागून वर्षं गेली की त्या मानेशी केसाएवढी चीर पडते. सलाईन झिरपून जातं. ते शरीरात शोषलं जातं, त्याने काही अपाय होत नाही. फक्त एके दिवशी पंप दाबावा तर तो चपटा लागतो आणि फुगत काहीच नाही. तसं होण्याआधी बऱ्याचदा दाबायची संख्या वाढत जाते. पूर्वी पंधरा वेळा दाबून जे व्हायचं त्याला पंचवीस वेळा दाबावं लागतं.

दुसरी जागा सिलिंडरची. काही बनावटीत सिलिकॉनचे दोन थर आणि मधे विणलेलं कापड असतं. फुगल्यावर एक थर दुसऱ्यावर घासतो. २००० च्या सुमारास या थरांवर पॅरिलिन नावाच्या गुळगुळीत प्लास्टिकचा पातळ लेप द्यायला सुरुवात झाली, तो याच घासण्यासाठी. दुसऱ्या एका कंपनीचा सिलिंडर पॉलियुरेथेनसारख्या पदार्थाचा असतो. कापड एका जागी कमकुवत झालं तर सायकलच्या फाटक्या टायरमधून ट्यूबचा फुगा बाहेर येतो तसा फुगवटा येतो.

आता हे नीट वाच, कारण सिलिंडरचं आयुष्य ऑपरेशनच्या टेबलावरच बरंचसं ठरतं. सर्जन पोकळीची लांबी पुढे आणि मागे मोजतात. समज, मोजमाप २० सेंटिमीटर आलं. मग १८ चा सिलिंडर आणि मागच्या टोकाला २ सेंटिमीटरची टोपी, अशी जुळणी होते. लांबी थोडी जास्त मिळावी म्हणून मोठा सिलिंडर दामटून बसवला तर तो आत 'एस'सारखा वाकतो, घडी पडते, आणि रोज त्याच घडीवर वाकून तिथेच भोक पडतं. लहान बसवला तर लिंगाचं पुढचं टोक आधाराविना लोंबतं. शिवाय सिलिंडरमधून नळी निघते ती जागा छेदाजवळ यायला हवी. नाहीतर नळी पोकळीच्या आत सिलिंडरला चिकटून राहते आणि घासत बसते. टोपीची लांबी निवडताना हेही बघतात. म्हणून "डॉक्टर, जरा मोठं बसवा" असं सांगू नकोस. छेद शिवताना सुईचं टोक सिलिंडरला लागलं तरी गळती होते. त्यासाठी बरेच सर्जन सिलिंडर आत घालायच्या आधीच टाके घेऊन ठेवतात.

टाकी सहसा फुटत नाही, पण एक त्रास देते. तिच्याभोवती शरीर तंतूंचं कवच तयार करतं. ते आवळलं की पाणी आपोआप सिलिंडरमध्ये ढकललं जातं आणि नको तेव्हा अर्धवट ताठरता येते. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत सिलिंडर रिकामे आणि टाकी भरलेली ठेवायला सांगतात, म्हणजे कवच भरलेल्या टाकीच्या मापाने तयार होतं. पाणी आपोआप सरकू नये म्हणून आता झडपाही बसवलेल्या येतात. तुझं हर्नियाचं ऑपरेशन जाळी घालून झालंय ना? ते सर्जनला आवर्जून सांग, टाकी कुठे ठेवायची ते त्यावरून ठरेल.

तू विचारलंस की मग दांडीचंच का नको. अर्धकडक दांडीत पंप नाही, नळ्या नाहीत, गळायला काही नाही. यंत्र म्हणून ती फारशी बिघडत नाही. मुंबईच्या डॉ. रूपिन शहा यांनी भारतीय रुग्णांसाठी केलेली दांडी याच जातीची. तिचं वरचं सिलिकॉनचं आवरण काढून जाडी जुळवता येते, आणि ती आयात केलेल्या तीन भागांच्या इम्प्लांटपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. अडचण अशी की दांडीचा दाब आतल्या मांसावर दिवसरात्र असतो. ज्याची संवेदना बधिर झालीय, म्हणजे जुना मधुमेह किंवा पाठीच्या कण्याची इजा, त्याला दुखत नाही, आणि दांडी हळूहळू टोकाकडे कातडीतून किंवा मूत्रमार्गात बाहेर येऊ शकते. तुझ्या पायांना मुंग्या येतात हे मी विसरलेलो नाही. पैशांची जुळवाजुळव होत असेल तर तुला फुगणारं जास्त योग्य, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता जंतुसंसर्ग. पूर्वी पहिल्या शस्त्रक्रियेत शंभरात तीन ते पाच जणांना व्हायचा. २००१ मध्ये मिनोसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन ही अँटिबायोटिक लावलेलं इम्प्लांट आलं. पाठोपाठ दुसऱ्या कंपनीचं, ऑपरेशनच्या वेळी अँटिबायोटिकच्या द्रावणात बुडवलं की ते शोषून घेणारं आलं. तेव्हापासून अनुभवी हातांत हे प्रमाण एक-दोनाच्या आसपास आहे. पण ज्याला होतो त्याचं नुकसान मोठं. माठ बरेच दिवस घासला नाही की आत बुळबुळीत थर धरतो, तसा थर जंतू सिलिकॉनवर धरतात. त्या थराखाली गोळ्या-इंजेक्शनं पोचत नाहीत. मग सगळं काढावं लागतं. काढून तसंच ठेवलं तर आतलं मांस वण धरून घट्ट होतं, लिंग आखडतं आणि पुन्हा बसवणं फार अवघड जातं. अमेरिकी सर्जन जॉन मल्काही यांनी १९९० च्या दशकात वेगळा मार्ग दाखवला: सगळं काढायचं, अँटिबायोटिक, अर्ध्या तीव्रतेचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पोव्हिडोन आयोडिनने एकामागून एक धुवायचं आणि त्याच बैठकीत नवं बसवायचं. दहापैकी साधारण आठ जणांचं यातून वाचतं. ताप चढलेला, साखर भडकलेली, कातडी काळी पडलेली असेल तर मात्र हा मार्ग नाही.

म्हणून तुझ्या हातात जे आहे ते आजपासून कर. तुझं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ९.४ आहे. बरेच सर्जन ते साडेआठच्या खाली आल्याशिवाय तारीख देत नाहीत, आणि तू आठच्या खाली आण. दोन-तीन महिने लागतील, लागू देत. तंबाखू पूर्ण बंद, मिश्रीसुद्धा. जांघेतलं गजकर्ण आधी पूर्ण बरं कर, किडका दात काढून टाक, लघवीचं कल्चर स्वच्छ येऊ दे. घरी ब्लेडने केस काढू नकोस, कातडीवर बारीक ओरखडे पडतात आणि जंतूंना तेवढंच पुरतं.

ऑपरेशननंतर आठवडा-दहा दिवस सूज आणि काळंनिळं पडणं चालायचंच. दुखणं मात्र दर आठवड्याला कमी व्हायला हवं. कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढलं, टाक्यातून पाणी आलं, किंवा पंपावरची कातडी सरकेनाशी होऊन चिकटली, तर ताप नसला तरी त्याच दिवशी सर्जनला दाखव. फॅमिली डॉक्टरकडून अँटिबायोटिकचा कोर्स घेऊन आठवडा घालवू नकोस. सांगतील तेव्हापासून पंप रोज हळूच खाली ओढायचा, म्हणजे तो वर सरकून बसत नाही. चार ते सहा आठवड्यांनी फुगवायला शिकवतील. पुढे काही आठवडे रोज फुगवून रिकामं करायचं, आणि शरीरसंबंध सहा आठवड्यांनंतर, सर्जन हो म्हणाले की.

पुढे कधीही, कुठल्याही कारणाने लघवीची नळी घालायची वेळ आली, तर आधी सांगायचं की आत इम्प्लांट आहे. सिलिंडर रिकामे करून, बारीक नळी, आणि कमीत कमी दिवस. जाड नळी बरेच दिवस राहिली तर आतून नळी आणि बाहेरून सिलिंडर यांच्यामध्ये मूत्रमार्ग चेपून झिजतो. हे वहिनींना आणि मुलालाही माहीत असू दे, कारण तू बेशुद्ध असलास तर सांगणार कोण?

बंद पडलंच, तर सोनोग्राफीत टाकी रिकामी दिसते की भरलेली यावरून गळती की पंपाचा बिघाड हे बरंचसं कळतं. बदलायला वर्षानुवर्षं थांबायचं नाही, आतलं कवच आखडत जातं. दुसऱ्या खेपेला जंतुसंसर्गाचा धोका पहिल्यापेक्षा जास्त, कारण वरून स्वच्छ दिसणाऱ्या जुन्या इम्प्लांटवरही जंतूंचा थर सापडतो. म्हणून फक्त तुटलेली नळी जोडण्यापेक्षा सगळा संच बदलून जागा धुऊन घेणं चांगलं. खोल बसलेली टाकी कधी कधी रिकामी करून तिथेच ठेवतात, त्याने घाबरून जाऊ नकोस. वॉरंटीचा कागद नीट वाच. नवे भाग मिळाले तरी भूल, थिएटर आणि हॉस्पिटलचा खर्च आपला असतो.

एक गोष्ट शेवटी लिहितोय म्हणून ती लहान समजू नकोस. इम्प्लांट बसवताना आतली स्पंजासारखी रचना दबते. नंतर ते काढून टाकलं तर गोळीने पूर्वीसारखी ताठरता परत येण्याची आशा धरता येत नाही. गोळ्या, व्हॅक्यूम पंप, इंजेक्शन हे सगळं तू खरोखर करून पाहिलंयस ना, हे एकदा मनाशी पक्कं कर.

पुढच्या भेटीत सर्जनला विचार की वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता आणि बिघडलेली स्वतः बदलता का. ऑपरेशन झालं की इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर मागून घे: मॉडेल, सिलिंडरची लांबी, टोपीचं माप, टाकीचं माप, बॅच नंबर. एमआरआय करायचा झाला किंवा पंधरा वर्षांनी दुसऱ्याच सर्जनने उघडलं, तर तेच कामाला येतात. त्या स्टिकरचा फोटो काढून मलाही पाठव, माझ्याकडे जपून राहील.

तुझा,
श्रीकांत