नादारी शोधताना आधी कोर्ट ओळखा

महोदय,
उधारी देण्याआधी समोरचा नादार (कोर्टाने दिवाळखोर ठरवलेला) तर नाही ना, हे बघायला लोक थेट केंद्राच्या दिवाळखोरी मंडळाचे (आयबीबीआय) संकेतस्थळ उघडतात. तिथे सापडतात मुख्यतः कंपन्या आणि त्यांचे वैयक्तिक जामीनदार. साध्या माणसाची नादारी मुंबई शहरात १९०९ च्या नादारी कायद्याने उच्च न्यायालयात, पुणे-नाशकात १९२० च्या कायद्याने जिल्ह्याच्या न्यायालयात चालते. (शंभरी उलटलेले कायदे, पण आजही लागू!) ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर पक्षकाराचे नाव आणि वर्ष टाकावे. एकट्या ‘पाटील’ने ढीग येतो, आणि ‘चौधरी’ची इंग्रजी स्पेलिंगे तरी किती, सगळी टाकून बघावीत. नाव जुळले तरी आदेशातला पत्ता, वडिलांचे नाव पडताळावे. काहीच दिसले नाही तर कोर्टाच्या कार्यालयात अर्ज करावा. जुनी प्रकरणे ऑनलाइन असतीलच असे नाही.

– एक वकील, ठाणे