प्रदर्शन मांडताना भिंतीकडेही पाहा

संपादक महोदय,

पावसाळा सरला की तालुक्याच्या गावांतल्या कलादालनांच्या पत्रिका येऊ लागतात: दिवाळीच्या सुट्टीतले जलरंगाचे वर्ग, उद्घाटन, प्रदर्शन. उत्साह दांडगा असतो, पण मांडणी उरकलेली असते.

पावसाची झड घेणारी बाहेरची भिंत दिवाळीपर्यंत आतून ओल धरून असते. तिच्यावर जलरंगाची चित्रे टांगू नयेत. टांगावीच लागली, तर फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे मागे हवा खेळते. काच आणि कागद यांच्यात माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. तो गाळला की काचेच्या आतल्या बाजूला दव धरते, कागद काचेला चिकटतो आणि बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात. ते मग निघत नाहीत.

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर यावा. एका खिळ्यावर फ्रेम कलते, म्हणून दोन खिळे ठोकावेत. समोरच्या भिंतीवरची ट्यूबलाइट काचेत दिसते. ती बंद करून वरून तिरपा दिवा द्यावा. जलरंगाला ५० लक्स (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे माप) पुरे.

वर्गाच्या जाहिरातीत कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड), असे स्पष्ट छापावे. पातळ ड्रॉइंग पेपर पहिल्याच वॉशला, म्हणजे पाणीदार रंगाच्या थराला, फुगतो आणि मुलाला वाटते, आपला हातच वाईट.

उद्घाटनाचे चहापान मात्र व्हरांड्यात ठेवा. शाल-श्रीफळ आणि भाषणे आटोपेपर्यंत चित्रांकडे पाठ करून बसलेले पाहुणे कपबशी हाती आली की दालनात परत येत नाहीत, त्यामुळे आधी चित्रे, मग चहा.

– काही कलाशिक्षक