सापळ्यातलं अंडं

प्रिय आई-बाबा,

शि. सा. न.

परवा फोनवर आई एकच गोष्ट विचारत होतीस, जंगलात एकटी गेली नव्हतीस ना. नाही गं. गाइड होता, ग्रुप होता, आणि साप म्हणशील तर न्यूझीलंडच्या जमिनीवर साप नाहीतच, तो विषयच संपला. चावणारी एकच गोष्ट म्हणजे सँडफ्लाय, डासापेक्षाही बारकी काळी माशी. चालत असलं तर काही करत नाही पण जरा थांबलं की हातापायांवर हजर, म्हणून आम्ही सँडविच पण येरझाऱ्या घालत खाल्ली. इथले मूळचे माओरी लोक सांगतात की ही जागा इतकी सुंदर झाली की माणसं इथून हलणारच नाहीत असं देवीला वाटलं, म्हणून तिने या माश्या सोडल्या. देवीची आयडिया एकदम सक्सेसफुल आहे.

बाबा, तुम्ही नकाशा काढून बसणार म्हणून सांगते. साउथ आयलंडचा खालचा डावा कोपरा म्हणजे फियोर्डलँड नॅशनल पार्क, बारा हजार चौरस किलोमीटरच्या वर, आणि बऱ्याच भागात रस्ताच नाही. ‘ते आनाऊ’ नावाच्या तलावातून (417 मीटर खोल!) तासाभराहून जास्त बोटीने वरच्या टोकाला गेलो, तिथून मिलफर्ड ट्रॅक ही पायवाट सुरू होते. पूर्ण ट्रॅक 53.5 किलोमीटरचा, चार दिवसांचा. आम्ही फक्त सुरुवातीचा क्लिंटन नदीकाठचा तुकडा केला आणि संध्याकाळी परत. वाट जवळजवळ सपाट आहे हे तुमच्या गुडघ्यांसाठी मुद्दाम लिहितेय.

जंगल बीच नावाच्या झाडांचं (समुद्रकिनारा नव्हे), खोड दगड फांद्या सगळ्यावर शेवाळ, हात ठेवला की मनगटापर्यंत ओलं. पलीकडे मिलफर्ड साउंड नावाच्या समुद्राच्या खाडीवर वर्षाला साडेसहा मीटरच्या वर पाऊस पडतो, मीटर हं. पण गंमत म्हणजे उतारावर माती जवळजवळ नाही. खाली कडक खडक, त्याच्यावर शेवाळ आणि कुजलेल्या पानांचा पातळ थर, आणि झाडं एकमेकांच्या मुळांत मुळं अडकवून उभी. त्यामुळे जोरदार पावसात वरचं एक सुटलं की खालची सगळी घेऊन येतं, समोरच्या डोंगरावर वरपासून खालपर्यंत नुसता खडक दिसणारा पट्टा होता. तिथे आधी शेवाळ येणार, मग झुडपं, मग कधीतरी झाडं.

पण खरं लिहायचंय ते वेगळंच. वाटेच्या कडेला ठरावीक अंतराने लांबट लाकडी पेट्या ठेवलेल्या दिसतात. एका बाजूला जाळी, जाळीला एक भोक, आत स्प्रिंगचा सापळा आणि त्याच्या मागे कोंबडीचं एक अंडं. हे स्टोटसाठी. स्टोट म्हणजे आपल्या मुंगसासारखाच चपळ, लांबट, फक्त अजून बारीक. या देशात वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही, त्यामुळे पक्षी बिनधास्त जमिनीवर अंडी घालायचे, काही तर उडायचंच विसरले. मग गोऱ्यांनी ससे आणले, ससे वाढले, कुरणं खाऊ लागले, तर 1880 च्या दशकात सशांवर उपाय म्हणून सरकारने स्टोट आणून सोडले. पक्ष्यांची जाणकार मंडळी नको नको म्हणत होती तरी. बाबा, तुमचा ‘सरकारी काम’वाला चेहरा मला इथून दिसला.

त्यात रिचर्ड हेन्री नावाच्या माणसाची गोष्ट गाइडने सांगितली. 1894 पासून हा माणूस याच भागातल्या रेझोल्यूशन बेटाची राखण करत शेकडो काकापो (न उडणारे पोपट) आणि किवी नावेतून बेटांवर हलवत होता, स्टोटपासून वाचवायला. 1900 मध्ये बेटावर स्टोट दिसला. पोहत आलेला. मी ते ऐकून पुढची दहा मिनिटं कोणाशी बोलले नाही. काकापो 1995 ला एकूण 51 उरले होते, आता दोनशेच्या वर आहेत, तेही जवळजवळ सगळे स्टोट नसलेल्या बेटांवर एकेक मोजून सांभाळलेले.

आई, तू म्हणशील मुक्या जिवाला अंड्याचं आमिष दाखवून मारायचं हे कसलं प्रेम. मलाही पेटीसमोर तेच वाटलं, स्टोटची काय चूक, त्याला कोणी विचारून आणलं नव्हतं. पण नंतर नदीत फिओची जोडी दिसली, इथल्या दहा डॉलरच्या नोटेवर छापलेलं निळसर-राखाडी बदक. पाण्याला एवढा जोर की माझा पाय टिकला नसता आणि ही दोघं त्यात आरामात डोकं बुडवून दगडांवरचे किडे खरवडत होती. नर शिट्टी वाजवतो आणि मादी घोगऱ्या आवाजात गुरगुरते (बाबा, काही बोलू नका). मादी अंड्यांवर बसली की महिनाभर फारशी जागा सोडत नाही, आणि नेमकी तेव्हाच स्टोटच्या तोंडी सापडते. म्हणजे पेट्या काढल्या तरी मारणं थांबत नाहीच, फक्त मरणारं कोण ते बदलतं. मी पेट्यांच्या बाजूने आहे. तुला पटणार नाही, भांडू आपण, पण इथे येऊन भांड.

एक राहिलंच, रॉबिन. चिमणीएवढा राखाडी पक्षी, लांब काटकुळे पाय. गाइडने बुटाने पाचोळा जरासा उकरला आणि पाच फुटांवर हा हजर, आम्हाला बघायला नाही, उकरलेल्या जागेतले किडे खायला. माझ्या बुटाची लेस पण ओढून बघितली त्याने.

सीझन ऑक्टोबरअखेर ते एप्रिल असतो. फेब्रुवारी बरा, तेव्हा इथे उन्हाळा असतो, तरी रेनकोट लागतोच. बोटीचं आणि गाइडचं बुकिंग मी करते, दोघांचे पासपोर्ट कधी संपतायत तेवढं बघून कळवा.

तुमची,
लेक