डार्विन फक्त बारावी सायन्सवाल्यांनाच?

संपादक महोदय,

२०१८ च्या जानेवारीत सत्यपाल सिंह (तेव्हा केंद्रात शिक्षण खात्याचे राज्यमंत्री, त्याआधी मुंबईचे पोलीस कमिशनर) आपल्या औरंगाबादेत येऊन म्हणाले होते की माकडाचा माणूस होताना कुणी बघितलं नाही, डार्विनचा उत्क्रांतीचा सिद्धांत चुकीचा. तेव्हा आपण हसलो, त्यांचे वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही त्यांना गप्प बसवलं, विषय संपला असं वाटलं. पण नंतर एनसीईआरटीने (सीबीएसई शाळांची पुस्तकं काढणारी केंद्राची संस्था) कोविडमध्ये ओझं कमी करायचं म्हणून दहावीच्या सायन्समधून उत्क्रांतीचा भागच काढला, धड्याचं नाव उरलं नुसतं 'आनुवंशिकता', आणि २०२३ मध्ये १८०० हून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी सह्या करून विरोध केला. सरकार म्हणतं बारावीत आहे ना. अहो पण बारावीत बायोलॉजी घेतात किती जण, कॉमर्स-आर्ट्सच्या पोरांनी काय करायचं? यामागे धर्म होता की खरंच कोविड, मी सांगू शकत नाही, पण ओझं उतरवायला नेमका हाच धडा सापडावा? आणि दशावतारात मासा, कासव, वराह असा क्रम सांगणाऱ्या घरातल्या पोराला (आमच्याकडे आजी सांगायची) उत्क्रांतीने कसला धक्का बसणारे! आपल्या स्टेट बोर्डाच्या दहावीच्या सायन्स भाग २ च्या पुस्तकात पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे, तेवढा तरी पुढच्या बदलात हलवू नका.

– एक पालक, पुणे